झिजलेल्या बकेटची दुरुस्ती

या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा असे संपादक मंडळींनी सांगितले, तेव्हा ‘समाजाची पन्नास वर्षे’ किंवा ‘आमचे आद्य आश्रयदाते’ असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. तो लिहिण्यास अधिकारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्हांस जे थोडेबहुत येते ते लोखंडाचे. शिवाय डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून आपल्या समाजाची जी घरे आहेत, त्यांतील बहुतेक घरांत एखादा तरी मुलगा खाणीवर, बार्जवर किंवा गॅरेजात हात काळे करीत असतो. त्याच्या आईवडिलांस तो दिवसभर नेमके काय करतो हे ठाऊक असावे, आणि त्या मुलासही दोन गोष्टी उपयोगी पडाव्यात, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पूर्वी शेतकरी झिजलेला फाळ किंवा बोथट झालेली कुदळ लोहाराकडे शेवटून घेण्यास नेई. लोहार जुन्या लोखंडाच्या टोकास नवे पोलादी तोंड तापवून जोडी, ठोकून आकार देई आणि पाणी पाजी. खाणीवरील उत्खननयंत्राच्या बकेटची दुरुस्ती म्हणजे तेच शेवटणे होय. फरक इतकाच की, येथील फाळ टनाच्या हिशेबाचा असतो आणि भात्याच्या जागी विजेची ज्योत असते. (या यंत्रास आपल्याकडे सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. पोकलेन हे फ्रान्समधील एका कारखान्याचे नाव. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, नाव तेच चिकटले.)

बकेट झिजते कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. तिच्या तोंडाशी जी जाड आडवी पट्टी असते तिला ओठ म्हणतात. ओठावर ठरावीक अंतराने अ‍ॅडॅप्टर वेल्ड केलेले असतात आणि अ‍ॅडॅप्टरच्या नाकावर दात बसवून पिन ठोकलेली असते. दात हा झिजण्यासाठीच असतो. तो संपला की पिन काढून नवा बसवावयाचा. खरे दुखणे सुरू होते ते दात वेळेवर न बदलल्यामुळे. दात संपल्यावरही यंत्र चालविले की अ‍ॅडॅप्टरचे नाक झिजते, मग नवा दात त्यावर घट्ट बसत नाही, खुळखुळतो आणि पडतो. पडलेला दात खनिजाबरोबर ट्रकमध्ये आणि ट्रकमधून क्रशरमध्ये गेला की काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा दाताच्या बाबतीत आळस करीत नाही. याखेरीज दोन अ‍ॅडॅप्टरांमधील ओठ खरवडून अर्धचंद्राकार होतो, बाजूच्या पत्र्यांची पुढली कड पातळ होते, बकेटची टाच घासली जाते आणि वरच्या कानांतील बुशांची भोके लांबट होतात. आपल्याकडील वरचा जांभा तोडताना दातांस धक्के बसतात, तर खालचे बारीक खनिज सहाणेसारखे घासत राहते. म्हणजे मार आणि घास असे दोन्ही भोग एकाच बकेटच्या नशिबी असतात.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी बकेट धुऊन, वायर ब्रशने घासून कोरडी करावी. मातीच्या थराखाली तडा दिसत नाही. संशय आला तेथे लाल रंगाचे भेदक द्रावण लावावे, थोडा वेळ मुरू द्यावे, पुसून काढावे आणि वर पांढरा डेव्हलपर फवारावा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ही लहानशी खटपट अनेक जण टाळतात. गोव्यातील खाणकाम प्रथम सप्टेंबर २०१२ मध्ये थांबले; सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक मर्यादा घालून परवानगी दिली; आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन त्या मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे बंद पडले. त्या काळात कित्येक यंत्रे झाडाखाली उभ्याने पावसाळे काढीत राहिली. पुढे लिलाव होऊन काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले तेव्हा अशा बकेटी दुरुस्तीस येऊ लागल्या. गंजाने जुने तडे भरून गेलेले असतात आणि वरून सारे एकसारखे तांबडे दिसते. अशा बकेटवर नुसता रॉड फिरविणे म्हणजे गळू न फोडता वर मलम लावणे होय.

दुसरी चौकशी पोलादाच्या जातीची. बकेटचा सांगाडा एका जातीचा, घासपट्ट्या दुसऱ्या जातीच्या आणि अ‍ॅडॅप्टर ओतीव मिश्र पोलादाचे, असे बहुधा असते. घासपट्ट्या पाणी पाजलेल्या कठीण पोलादाच्या, ब्रिनेल मापाने ४०० ते ५०० च्या असतात. जुन्या मोठ्या शॉव्हेलांचे काही ओतीव भाग मँगनीज पोलादाचे आढळतात. हे पोलाद शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधून काढले. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असते आणि मार बसेल तसतसे ते वरून अधिक कठीण होत जाते. त्याची ओळख सोपी आहे : लोहचुंबक त्यास चिकटत नाही. ही ओळख पटविणे का अगत्याचे, तर दोहोंची पथ्ये परस्परविरुद्ध आहेत. अ‍ॅडॅप्टरचे पोलाद वेल्डिंगपूर्वी तापवावेच लागते; मँगनीज पोलाद मात्र मुळीच तापवू नये. ते २६० अंश सेल्सिअसच्या वर फार वेळ राहिले तर ठिसूळ होते, म्हणून त्यावर लहान लहान रेघा ओढून, मध्ये थांबून, थंड ठेवीतच काम करावे लागते. खिशात दोन रुपयांचे लोहचुंबक न ठेवणाऱ्या वेल्डराने हजारो रुपयांचा भाग फुकट घालविल्याची उदाहरणे आहेत.

आता गाऊजिंग. झिजलेला अ‍ॅडॅप्टर काढावयाचा किंवा तडा उकरून साफ करावयाचा तर छिन्नीने दिवस जाईल आणि ग्राइंडरने चाके संपतील. यासाठी जी युक्ती आहे ती अमेरिकन नौदलाच्या गोद्यांतून १९४० च्या दशकात पुढे आली. तांब्याचा मुलामा दिलेली कार्बनची कांडी विशिष्ट टॉर्चमध्ये धरतात. कांडी आणि पोलाद यांमध्ये विजेची ज्योत पेटली की पोलाद वितळते, आणि त्याच क्षणी टॉर्चच्या भोकांतून कांडीच्या खालच्या अंगाने येणारा दाबाच्या हवेचा झोत ते वितळलेले पोलाद उडवून लावतो. मागे स्वच्छ पन्हाळीसारखी खोबण राहते. ८ मिलिमीटर कांडीस साधारण ३०० ते ४५० अँपिअर, १० मिलिमीटर कांडीस ३५० ते ६०० अँपिअर प्रवाह लागतो, तोही डी.सी. आणि कांडी धन बाजूस. हवेचा दाब चौरस इंचास ८० ते १०० पौंड असावा. गॅरेजातील लहानसा ए.सी. ट्रान्स्फॉर्मर यास पुरा पडत नाही, आणि तो पुरा पडतो असे भासविण्यातच पुष्कळ कामे बिघडतात.

हात कसा असावा? टॉर्चमधून कांडी १८० मिलिमीटरांहून अधिक बाहेर काढू नये. हवा आधी सोडावी, ज्योत मागून पेटवावी. कांडी काम पुढे सरकेल त्या दिशेकडे न झुकविता उलट बाजूस कलती धरावी, म्हणजे हवा मागून येऊन द्रव पुढे ढकलते. खोबणीची रुंदी कांडीच्या जाडीपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर जास्त पडते. खोली हाताच्या वेगावर अवलंबून असते. हात सावकाश चालला तर खोल, भराभर चालला तर उथळ. एका फेरीत फार खोल जाण्याचा हव्यास धरू नये. आवाज बदलला, एकसारखी फरफर जाऊन फुटका आवाज येऊ लागला, की समजावे हवा कमी पडते आहे किंवा कांडी टेकते आहे. आमचा एक जुना कारागीर डोळे मिटून केवळ आवाजावरून शिकाऊ मुलाची चूक सांगत असे. तो कानांत कापूस घालीत नसे आणि पन्नाशीतच ठार बहिरा झाला, हेही येथे सांगून ठेवतो. गाऊजिंगचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. कानबोळे, चामडी एप्रन, धूर ओढून घेणारा पंखा, आणि ठिणग्यांच्या वाटेत गवत किंवा डिझेलचा डबा नाही याची खात्री, एवढे झाल्याशिवाय ज्योत पेटवू नये.

कांडी पोलादास टेकली तर कार्बन पोलादात शिरतो आणि तेथे काचेसारखा कठीण, ठिसूळ थर बनतो. म्हणून गाऊजिंगनंतर खोबण ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत, निदान अर्धा-एक मिलिमीटर, घासलीच पाहिजे. काळी-निळी झाक राहिली तर त्यावरील वेल्ड कधी ना कधी तेथूनच सुटतो. जुना अ‍ॅडॅप्टर काढताना ज्योत ओठात शिरू देऊ नये. अ‍ॅडॅप्टरच्या बाजूचे दोनतीन मिलिमीटर पोलाद मुद्दाम राखावे आणि ते ग्राइंडरने उतरवावे. तडा उकरावयाचा असेल तर त्याच्या टोकापलीकडे दोन बोटे जाऊन तेथून तड्याच्या दिशेने यावे. मधूनच सुरुवात केली तर उष्णतेने तडा पुढे पळतो. टोकास ड्रिलने भोक पाडून ठेवण्याचीही रीत आहे आणि ती चांगली आहे. तडा आरपार असेल तर एका बाजूने दोनतृतीयांश खोल उकरून भरावे, मग उलट बाजूने निरोगी पोलाद लागेपर्यंत गाऊज करून तीही बाजू भरावी. उकरून झाले की लाल द्रावणाची परीक्षा पुन्हा घ्यावी. तडा गेला असे डोळ्यांस वाटणे आणि तो खरोखर जाणे यांत अंतर असते.

बकेट यंत्रावरच असेल तर आणखी सावधगिरी हवी. बॅटरीच्या तारा सोडाव्यात, यंत्राचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे अलग करावा, आणि अर्थची केबल बकेटवरच, वेल्डच्या जवळ लावावी. ती दूर चेसिसवर लावली तर प्रवाह पिना-बुशांतून जातो आणि तेथे चट्टे पडतात. बकेट जमिनीवर टेकवून ठोकळ्यांवर घ्यावी. हायड्रॉलिकच्या भरवशावर अधांतरी बकेटखाली शिरू नये. आणखी एक धोका ध्यानात येत नाही. बकेटच्या माथ्यावरील नळीसारखा पोकळ भाग चारी बाजूंनी बंद असतो. आत पाणी किंवा ग्रीस शिरलेले असेल तर तापताच वाफेचा दाब वाढून तो फुटतो. अशा पोकळीस आधी भोक पाडून वाट द्यावी.

आता मुख्य वेल्डिंग, आणि येथेच आमची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, जुलैच्या ऐन पावसात, एका बकेटचे पाचही अ‍ॅडॅप्टर आम्ही बदलले. खाणीची खोदाई पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे दुरुस्तीची सारी गर्दी नेमकी जून ते सप्टेंबर या काळात होते. रॉड ७०१८ क्रमांकाचे, चांगल्या प्रतीचे होते. पण पाकीट आदल्या दिवशी फोडलेले आणि शेडच्या फळीवर उघडे पडलेले. भट्टीत भाजण्यास वेळ कोठे, मालकाची घाई! अ‍ॅडॅप्टर हातास ऊनऊन लागेल इतपत तापविले आणि संध्याकाळपर्यंत काम उरकले. वेल्ड दिसावयास देखणा होता. आम्ही स्वतः त्यावर हात फिरविला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये कोणी नसताना ‘टण्’ असा आवाज झाला. जाऊन पाहतो तो एका अ‍ॅडॅप्टरच्या वेल्डच्या कडेने वीतभर तडा गेलेला. बकेटवर अजून एक खडाही पडला नव्हता.

त्याचे कारण असे. रॉडवरील लेपात शिरलेल्या ओलाव्याचे ज्योतीत विघटन होऊन हायड्रोजन निघतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. वेल्ड भराभर थंड झाला तर त्यालगतचे पोलाद कठीण बनते आणि हायड्रोजन आत अडकतो. आकुंचनाचा ताण, कठीण पोलाद आणि हायड्रोजन ही तीन एकत्र आली की काही तासांनी, कधी दोन दिवसांनीसुद्धा, तडा जातो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मिठाची बरणी देखील पाझरते. अशा हवेत उघडा रॉड किती ओलावा पीत असेल याचा विचार करावा. तेव्हापासून आमचा नियम असा : ७०१८ रॉड ३५० अंशांवर तासदोन तास भाजावयाचे, तेथून काढून शंभर-दीडशे अंशांच्या पेटीत ठेवावयाचे, आणि वेल्डराने एका वेळी हाताच्या बोटांइतकेच घ्यावयाचे. उरलेले पेटीत परत. साधा ६०१३ रॉड जाळीच्या फाटकास ठीक. बकेटच्या ओठास तो वापरूच नये.

तापविण्याचेही तसेच. ओतीव अ‍ॅडॅप्टर व जाड ओठ दीडशे अंशांच्या आसपास आणावा. पाणी पाजलेल्या घासपट्ट्यांस दोनशेच्या फार वर नेऊ नये, नाही तर त्यांचे पाणी उतरते आणि त्या मऊ होतात. गॅसची ज्योत एका जागी न धरता फिरवीत राहावी, शक्य तर मागील बाजूने द्यावी. ज्योत दूर करून दोन मिनिटे थांबावे आणि मग सांध्यापासून चार बोटांवर तापखडूने परीक्षा करावी. नेमलेल्या अंशावर खडू वितळतो. पाण्याचा थेंब टाकून ‘चर्र’ झाले की पुरे, असे म्हणणारे आहेत. त्या चर्रने शंभर अंश कळतात, दीडशे नव्हे. गाऊजिंगच्या वेळीही जाड कठीण पोलाद थोडे तापवून घेतलेले बरे. जेथे तापविणे शक्यच नाही, किंवा मँगनीज पोलाद साध्या पोलादास जोडावयाचे आहे, तेथे ३०९ जातीचा स्टेनलेस रॉड वापरतात. तो महाग असतो, पण त्याचे पोलाद हायड्रोजन आपल्या पोटात ठेवते आणि ताणास नमते घेते.

रेघा सरळ व अरुंद ओढाव्यात, रॉड रुंद हेलकावू नये. प्रत्येक रेघेवरील स्लॅग छिन्नीने व ब्रशने पूर्ण काढावा. एक अ‍ॅडॅप्टर एका दमात पुरा करण्याऐवजी डावी-उजवी बाजू आलटून पालटून घ्यावी, मधल्या अ‍ॅडॅप्टरपासून कडांकडे जावे, म्हणजे ओठ वाकत नाही. वेल्ड ओठाच्या धारेपर्यंत नेऊ नये. बोटभर जागा मोकळी सोडून संपवावा, कारण धारेवरचा वेल्डचा शेवट हीच तड्याची पहिली पायरी. सारा ओठच बदलावयाचा असेल तर जुना कापण्यापूर्वी बकेटच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजून खडूने लिहून ठेवावेत आणि तोंडात आडव्या जाड पट्ट्या टाचून घ्याव्यात. एकदा तोंड आवळले की ते पुन्हा उघडणे हे पैलवानाचेही काम नव्हे. कानांची भोके वेल्डने भरून लाइन बोरिंग यंत्रावर एका रेषेत पाडून घेतात. ते काम हाताने करू नये एवढेच सांगतो.

वेल्डचे पोलाद अ‍ॅडॅप्टरइतके कठीण का नाही, असे मुले विचारतात. सांध्यास कठीणपणा नको, चिवटपणा हवा. कठीणपणा हवा तेथे वरून हार्डफेसिंगचे थर देतात. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडचा थर दोन-तीनच द्यावा. त्यावर आडव्या बारीक भेगा पडतात, त्यास भिण्याचे कारण नाही, मात्र त्याखालील पोलाद निरोगी असले पाहिजे. मोठे दगड सरकतात तेथे रेघा मालाच्या दिशेने ओढाव्यात, म्हणजे दगड रेघांवरून घसरत जातो. बारीक खनिज किंवा रेती असेल तेथे रेघा आडव्या किंवा जाळीसारख्या ओढाव्यात, म्हणजे माल मध्ये अडकून बसतो आणि मालावर मालच घासतो. या रॉडचा धूर फुप्फुसास फार घातक आहे. बंद शेडमध्ये तोंडास रुमाल बांधून हे काम करणारी मुले आम्ही अजूनही पाहतो. ज्या आईवडिलांच्या हाती हा अंक जाईल त्यांनी मुलास योग्य मास्क मिळतो की नाही हे जरूर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

काम संपताच बकेट पावसात ढकलू नये. पूर्वी अ‍ॅसबेस्टॉसचे कापड पांघरीत. त्याचे तंतू प्राणघातक ठरल्यामुळे आता सिरॅमिक धाग्याची गोधडी वापरतात. तीखाली ती रात्रभर सावकाश निवू द्यावी. मग दोन दिवस, म्हणजे ४८ तास, थांबून प्रत्येक वेल्डच्या कडेस लाल द्रावण लावून पाहावे. मालक घाई करील, फोनवर फोन येतील. आम्ही बकेटच्या पाठीवर खडूने तारीख व वेळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो आणि मालक आला की त्यास तीच दाखवतो. बकेट यंत्रावर चढल्यानंतर पहिल्या पाळीअखेर ऑपरेटरने दात हलवून पाहावेत, पिना तपासाव्यात, आणि काही खुळखुळत असेल तर दुसरी पाळी सुरू होण्याआधी निरोप पाठवावा.